एका रासबेरीत शंभर आंबे

मार्चमध्ये महाबळेश्वरला गेलो होतो. परत येताना केळघर घाट लागायच्या आधी रस्त्याकडेला एक मावशी बसलेल्या, समोर पाटीत पानांचे द्रोण आणि द्रोणात काळपट जांभळी, करंगळीच्या नखाएवढी फळं, वर पिठासारखी पांढरी लव. गौरीफळं, म्हणजे आपली रानातली रासबेरी. दोन द्रोण घेतले, गाडीत पायाशी ठेवले आणि मेढा-सातारा करत कोल्हापूरला पोचेपर्यंत चार तास गेले, तर निम्म्या फळांचा नुसता रस होऊन पानं भिजलेली. आई म्हणाली, "अरे हे काय नासकं आणलंस." जी धड राहिली होती ती तिच्या हातावर ठेवली, तिनं एक तोंडात टाकलं, काही बोलली नाही, दुसरं उचललं. आणि माझी सात वर्षांची पुतणी एक फळ बोटाच्या टोकावर टोपीसारखं घालून विचारते, "काका, हे आतनं पोकळ कसं काय?"

प्रश्न इतका नेमका होता की तिथंच सुई घेऊन बसलो दोघं. कारण रासबेरीचं अख्खं खानदान, म्हणजे पार उत्तर ध्रुवाजवळच्या दलदलीपासून हवाईच्या ज्वालामुखीपर्यंत जे काय पसरलंय ते सगळं, ह्या पोकळीवरनं आणि त्या बारीक मण्यांवरनं ओळखता येतं.

तर आधी मणी बघा. गौरीफळ म्हणजे एक फळ नाहीच, बारीक बारीक फळांचा झुबका आहे. सुईनं एक मणी सुटा केला आणि नखावर ठेवून दाबला तर वर पातळ साल, आत रस-गर, आणि मधे एक कडक बारीक कोय, त्या कोयीत बी. हीच रचना कशाची? आंब्याची. साल, गर, कोय. फक्त आकार मोहरीच्या दाण्याहून थोडा मोठा. आम्ही एका गौरीफळातले मणी मोजले, बासष्ट निघाले, आणि विलायती लाल रासबेरीत तर शंभराच्या आसपास असतात. म्हणजे दाताखाली जे कचकच लागतं ते बी नाही, कोय लागते हो ती, शंभर आंब्यांच्या शंभर कोयी.

आता हे असं का होतं, तर फुलामुळं. आंब्याच्या एका फुलात एकच स्त्रीकेसर, त्याचा एकच आंबा. रासबेरीच्या एका फुलात स्त्रीकेसरांचा गुच्छ असतो, मधे एक छोटा शंकू आणि त्या शंकूवर सगळे दाटीवाटीनं उभे. मधमाशी येऊन फिरून गेली की ज्याला ज्याला पराग मिळाला त्याचा त्याचा एक मणी होतो. रासबेरीवर बारीक केसासारखं काहीतरी दिसतं ना, लोक बुरशी समजून फळ टाकून देतात, ते केस म्हणजे त्या स्त्रीकेसरांची वाळलेली टोकं. आणि पावसानं किंवा गारठ्यानं माश्या फिरल्याच नाहीत तर काही मणी भरतच नाहीत, फळ दात पडल्यासारखं वाकडंतिकडं होतं आणि हातात घेतलं की भुगा.

आणि पोकळी? फळ पिकलं की मण्यांची ती टोपी शंकूवरनं अलगद सुटते, शंकू देठाला तसाच राहतो. ही रासबेरी. ब्लॅकबेरी तिची सख्खी बहीण, पण तिचा शंकू फळाबरोबरच तुटून येतो, म्हणून ती आतनं भरीव. रंगावर जाऊ नका. काळी रासबेरी असते, लाल रंगाची ब्लॅकबेरी असते, ती बहुतेक वेळा कच्ची असते तो भाग वेगळा. पिवळी रासबेरी पण असते, तिच्यात तो लाल-जांभळा रंग देणारं अँथोसायनिन नसतं एवढंच. देठाला पांढरा शंकू शिल्लक राहिला का ते बघायचं, राहिला तर रासबेरी. कोरियात नि चीनमध्ये ह्यातल्या एकेका जातीचं नावच "उपडं भांडं" अशा अर्थाचं आहे, कोरियात त्याला बोकबुंजा म्हणतात आणि त्याची वाईन करतात. नाव ठेवणाऱ्यानंही माझ्या पुतणीसारखं आत बोट घालून बघितलं असणार.

ह्याच पोकळीनं माझे द्रोण पण भिजवले. भरीव आधार नाही, मणी एकमेकांना नुसत्या बारीक लवेनं धरून असतात, साल कागदाहून पातळ. वरचं फळ खालच्यावर बसलं की खालचं गेलंच. म्हणून करवंदं कपिलतीर्थ मार्केटात पाटीच्या पाटी येतात आणि गौरीफळं येत नाहीत, करवंदाला जाड साल आहे, चीक आहे, ते एसटीच्या टपावर बसून पण येईल. चव चांगली असूनही जे फळ बाजारात दिसत नाही ते बहुतेक वेळा ह्याच कारणानं.

नावांचा घोळ पण इथंच मिटवू या, कारण त्यापायी लय गोंधळ होतो. हिंदीत रसभरी म्हणतात ते फळ वेगळं, कागदी टोपीत बसलेलं पिवळं गोल, टिपारी पण म्हणतात काहीजण, ते टोमॅटो-वांग्याच्या घराण्यातलं. तुती दिसते डिट्टो रासबेरीसारखी, तीही मण्यांचीच, पण ती फणसाची बहीण. फणसात कसं, एकेक गरा म्हणजे एकेक फूल, तसंच तुतीत एकेक मणी एका वेगळ्या फुलाचा. रासबेरीत मात्र सगळे मणी एकाच फुलाचे. आणि शास्त्राच्या हिशोबानं रासबेरी ही "बेरी" नाहीच, बेरी म्हणजे केळं, टोमॅटो, वांगं, द्राक्ष. आपलं करवंद बेरी आहे. रासबेरी गुलाबाच्या घराण्यातली, सफरचंद, बदाम, स्ट्रॉबेरी ही तिची भावकी. फूल बघितलं तर पाच पाकळ्या, रानगुलाबाचं छोटं रूपच, आणि काटेही तसेच. हे काटे म्हणजे फांदीच्या सालीवरचे उंचवटे, मागं वळलेले, त्यामुळं हात आत जातो सहज आणि बाहेर येताना ओरबाडतो.

रासबेरी-ब्लॅकबेरीच्या ह्या शाखेचं शास्त्रीय नाव रूबस. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस, त्यानं १७५३ साली लाल रासबेरीला रूबस इडियस नाव दिलं, इडा नावाच्या डोंगरावरची म्हणून. त्याच्या एकवीस वर्षं आधी, १७३२ साली, तो उत्तर युरोपातल्या लॅपलँडच्या प्रवासात होता, उपाशी आणि दमलेला, तेव्हा तिथल्या एका वीतभर उंचीच्या आर्क्टिक रूबसच्या फळांनी त्याला तगवलं आणि नंतर त्यानं पुस्तकात त्या झुडपाचे कृतज्ञतेनं आभार मानले. फिनलंडमध्ये त्याला मेसिमार्या म्हणतात, म्हणजे मधाचं फळ.

रूबसच्या जाती किती विचारलं तर कोण काही शे म्हणेल, कोण हजाराच्या वर. हा फरक मोजणाऱ्यांच्या चुकीचा नाही. युरोपातल्या बऱ्याच ब्लॅकबेऱ्यांत बीमधला गर्भ नर-मादीच्या मिलनाशिवायच तयार होतो, म्हणजे त्या बीतनं येणारी पोर हुबेहूब आईच, बापाचा वाटा शून्य. त्यामुळं एका दरीत एक वाण तयार झाला की तो तसाच्या तसा पिढ्यान् पिढ्या चालतो, शेजारच्या दरीत दुसराच. ह्या प्रत्येकाला वेगळी जात म्हणायचं का? ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये मिळून अशा तीनशेहून जास्त बारीक जाती नोंदवल्यात आणि त्यांच्या अभ्यासाला बॅटॉलॉजी असं स्वतंत्र नाव आहे. खाणाऱ्याच्या दृष्टीनं ह्याचा अर्थ असा की एका कुंपणावरची ब्लॅकबेरी गोड आणि दहा पावलांवरची पांचट असं खरंच होतं, जिभेला भास होत नसतो. करवंदाचं नाही का, गगनबावड्याला मावशीच्या घरामागं एकाच टेकावर सात-आठ जाळ्या आहेत आणि कुठल्या जाळीची गोड ते तिथल्या पोरांना पाठ असतं, तसं.

आता जगातली चव.

मी स्वतः ज्याच्या प्रेमात पडलोय ते हिसालू. कुमाऊँमध्ये मे-जूनला रस्त्याकडेला पोरं पिवळीधमक हिसालू विकायला बसतात, तीही पानाच्या पुड्यातच, नेपाळात त्यालाच ऐंसेलू म्हणतात. अल्मोड्याजवळ एका चढावर मी हातानं तोडून खाल्लं, आणि तोडून म्हणायचं खरं तर बोट लावलं की पडतं. आधी गोड, मग मागनं हलका आंबट, आणि वास असा की पिकल्या आंब्याची अढी उघडल्यावर येतो त्याच्या जवळपासचा. फांदीवर लालसर केस आणि वाकडे काटे, माझ्या मनगटावर तीन ओरखडे आले. तिकडं हिसालूला रागीट म्हणतात, आणि लगेच म्हणतात की दुभत्या गाईची लाथ सोसावीच लागते. आपल्याकडं दुभत्या गाईच्या लाथा गोड, अगदी तेच, दोन हजार किलोमीटरवर.

गौरीफळ त्या मानानं शांत चवीचं. आंबटपणा कमी, गोडी जास्त, रंग गडद. जगभर त्याला म्हैसूर रासबेरी म्हणून ओळखतात. विलायती लाल रासबेरीची खरी ओळख तिच्या वासात असते, तो वास देणारा मुख्य पदार्थ रासबेरी कीटोन, आणि तो एक किलो फळात जेमतेम १ ते ४ मिलिग्रॅम असतो. एवढ्याशा मात्रेवर अख्ख्या फळाची ओळख उभी आहे. सोड्याच्या गाडीवर रासबेरी म्हणून जो लाल सोडा मिळतो त्यातला वास बहुतेक कारखान्यातला असतो, कारण फळातनं तो काढायचा तर किती फळं लागतील त्याचा हिशोब तुम्हीच करा.

ह्यानंतर क्लाउडबेरी, आणि हिच्यावर जरा थांबतो. माझा मावसभाऊ फिनलंडला नोकरीला असतो, दोन वर्षांपूर्वी त्यानं वानवळा म्हणून एक बरणी आणली होती. हे रूबस बिनकाट्याचं, वीतभर उंच, थंड प्रदेशातल्या दलदलीत वाढतं, एका देठावर एकच फूल आणि एकच फळ. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं, त्यामुळं फुलं भरपूर दिसली तरी फळं तेवढी धरतीलच असं नाही, वर फुलं असताना थंडीची एक रात्र आली की तो भाग त्या वर्षी रिकामा. रंगाचा प्रकार उलटा आहे, कच्चं फळ लाल आणि कडक, पिकलं की मऊ आणि केशरी-सोनेरी. लाल म्हणून तोडलं तर फसलात. चवीला मधासारखं, थोडं भाजलेल्या सफरचंदासारखं, मागनं तुरट-आंबट, आणि कोयी चांगल्याच मोठ्या. कॅनडात न्यूफाउंडलंडला त्याला बेकॲपल म्हणतात. माझ्या आईला त्यात आंबापोळीच्या वाळलेल्या कडेची चव लागली आणि मला ते वर्णन जास्त पटतं. लोणच्याच्या किंवा जॅमच्या बाटलीवर सोडियम बेंझोएट लिहिलेलं असतं ना, टिकायला घातलेलं, त्याचं मूळ जे बेंझोइक ॲसिड ते ह्या फळात निसर्गतःच भरपूर असतं, म्हणून पूर्वी उत्तरेकडचे लोक ही फळं नुसती पाण्यात घालून महिनोन् महिने ठेवायचे. फिनलंडच्या दोन युरोच्या नाण्यावर हीच फळं-फुलं कोरलेली आहेत. आणि ते ती खातात कशाबरोबर, तर एका भाजलेल्या चीजबरोबर, जे पूर्वी व्यालेल्या गाईच्या चिकाचं करायचे. म्हणजे खरवसाबरोबर! मावसभाऊ हे सांगत होता तेव्हा आईनं लगेच विचारलं, वेलदोडा घालतात का. नाही घालत.

तिकडं कुणाच्याही रानात जाऊन फळं तोडायचा हक्क लोकांना आहे, स्वीडन-फिनलंडमध्ये ही जुनी रीत. पण क्लाउडबेरी इतकी मोलाची की नॉर्वेच्या उत्तरेकडच्या भागात जमीनमालक ती तोडायला मनाई करू शकतो, तरीसुद्धा जागेवर उभं राहून जेवढी पोटात जाईल तेवढी खायला परवानगी असते. मला हा कायदा मनापासून आवडला. भुकेला सूट, डब्याला नाही.

अमेरिकेत पश्चिम किनाऱ्यावर सॅमनबेरी, गर्द गुलाबी फूल, फळ पाणचट पण वसंतात सगळ्यांच्या आधी येतं, आणि तिथले मूळ रहिवासी कोवळे कोंब सोलून भाजीसारखे खात आलेत. थिंबलबेरी बिनकाट्याची, पानं तळहाताहून मोठी, फळ शिवणकामातल्या टोपणासारखं चपटं आणि इतकं मऊ की विकणं शक्यच नाही, लेक सुपीरियरच्या काठी तिचा जॅम करतात तेवढाच. जपानी वाईनबेरीच्या कळीवर लाल चिकट केस असतात, फळ पिकेपर्यंत त्यात झाकलेलं, चव द्राक्षासारखी. दक्षिण चीनमध्ये एका रूबसची पानं इतकी गोड की त्याचा चहा करतात. इक्वेडोरमध्ये २ नोव्हेंबरला, पितरांच्या दिवशी, मोरा नावाच्या अँडीजमधल्या रूबसची, जांभळ्या मक्याच्या पिठाची आणि मसाल्यांची दाट गरम पेज करतात, कोलादा मोरादा. आपल्या सर्वपित्रीला जसं घराघरात ठरलेलं असतं तसं.

हवाईत एक देशी रूबस आहे, आकाला, त्याचे काटे जवळजवळ गेलेलेच, कारण त्या बेटांवर झुडूप ओरबाडून खाणारी जनावरं मुळात नव्हती. आणि त्याच बेटांवर आपलं हिमालयातलं हिसालू माणसानं नेलं आणि ते इतकं माजलं की जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. आपलं गौरीफळही तसंच, १९८० च्या दशकात गॅलापागोस बेटांवर गेलं आणि तिथली मूळ झाडं त्याच्या जाळ्यांखाली दबत चाललीत. पक्षी फळ खातात, बी लांब टाकतात, आणि इथं त्याला आवरणारे किडे-रोग तिथं नाहीत. ज्या झुडपाचा द्रोण मी इतक्या हौसेनं आणला ते तिथं लोक विळे-कुऱ्हाडी घेऊन उपटतात, हे वाचलं तेव्हा खरंच वाईट वाटलं. ह्याच्या उलटी गोष्ट ल्यूथर बरबँकची. १८८५ साली ह्या अमेरिकन रोपवाल्यानं एक जोमदार ब्लॅकबेरी बाजारात आणली, बी भारतातनं आलेलं म्हणून तिला हिमालयाचं नाव दिलं. ती मुळात आर्मेनिया-इराणकडची. आज अमेरिकेच्या वायव्येला मैलच्या मैल तिच्या जाळ्या आहेत आणि लोक अजून तिला हिमालयन ब्लॅकबेरीच म्हणतात, बिचाऱ्या हिमालयाचा काही संबंध नसताना.

आता रानात जाऊन तोडायचं म्हणाल तर थोडं ऐका. मण्यांची, पोकळ, काटेरी झुडपावरची रूबसची फळं जगात कुठंही विषारी नाहीत, एवढा भरवसा फार थोड्या रानफळांबद्दल देता येतो. पण नुसत्या मण्यांच्या झुबक्यावर भुलू नका. आपल्याकडं माळावर, बांधावर, कळंब्याच्या तलावाकडं जाल तर तिथंही घाणेरी माजलेली असते, तिचे काळे मणी पोरांना तसेच वाटतात आणि कच्चे हिरवे मणी पोटात गेले तर त्रास होतो. तिची फुलं रंगीबेरंगी गुच्छातली, पान चुरगाळलं की उग्र वास, आणि मणी सुटे सुटे, टोपी होत नाही. अमेरिकेत गोल्डनसील नावाच्या बुटक्या झाडाला एकच लाल रासबेरीसारखं फळ येतं, ते विषारी. म्हणून झुडूप, पान, काटा, फूल सगळं बघायचं, एकट्या फळावर विश्वास नाही. आणि राधानगरी-दाजीपूर हे १९५८ सालचं, महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य, तिथनं परवानगीशिवाय काहीही तोडून आणणं कायद्यात बसत नाही, तिथं अस्वलंही ह्याच रानमेव्यावर जगतात. गावच्या बांधावरनं घ्या, नाहीतर मावश्यांकडनं विकत घ्या, दोन पैसे त्यांना मिळू देत.

पिकलेलं फळ ओढावं लागत नाही. ओढावं लागलं तर ते उद्याचं आहे, सोडा. तोडल्यावर ते घरी पिकत नाही, आंब्यासारखी अढी घालून उपयोग नाही, रंग गडद होईल पण गोडी वाढणार नाही. पसरट भांडं घ्या, दोन थरांच्या वर रचू नका, आणि खायच्या क्षणापर्यंत धुवू नका कारण पोकळीत पाणी राहिलं की लवकर बुरशी. पोकळीत डोकावून बघा, बारीक किडा असतो कधी कधी. आणि जी फांदी ह्या वर्षी फळली ती नंतर वाळून जाते, तिच्याशेजारी बुंध्यातनं जो नुसता पानांचा नवा फोक आलाय तो पुढच्या वर्षी फळणार असतो, बहुतेक रूबसचं असंच दोन वर्षांचं चक्र, मुळं तेवढी कायम. वाट करायला म्हणून लोक नेमका तो कोवळा फोक कोयत्यानं मारतात आणि पुढच्या वर्षी म्हणतात ह्या जाळीला काही लागलंच नाही.

पुतणीच्या हट्टामुळं एप्रिलमध्ये पाचगणीच्या एका नर्सरीतनं गौरीफळाचं रोप आणून गच्चीवर लावलंय. पावसाळ्यात त्याला एक लांबलचक फोक फुटला, पांढरट, चांदीचा मुलामा दिल्यासारखा, आणि वाकून कठड्याला टेकला. ह्या फांद्यांचं टोक मातीला लागलं की तिथं मुळं धरतात, म्हणून शेजारी माती भरलेलं एक जुनं पातेलं ठेवलं, टोक बोटभर आत दाबलं आणि वर दगड ठेवला. पुतणी रोज शाळेतनं आली की वर जायची. साडेतीन आठवड्यांनी तिनं दगड काढून टोक हळूच ओढलं, ते हललं नाही, आणि तिथनंच जिन्यात ओरडली, "काका, धरलं!"